एका दिवसाच्या फुलाचा व्यापार

फुलांचा धंदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे झेंडूच्या राशी, निशिगंधाच्या जुड्या आणि गजरे उभे राहतात. अमेरिकेत मात्र घरामागच्या बागेत चालणारा असा एक धंदा आहे, की त्यात फूल विकतच नाहीत. ते विकणार तरी कसे? सकाळी उमललेले हे फूल रात्रीपर्यंत मिटून जाते. या झाडाचे नाव डे-लिली. हेमेरोकॅलिस हे त्याचे शास्त्रीय नाव ग्रीक भाषेतून आले असून त्याचा अर्थ 'दिवसाचे सौंदर्य' असा आहे. एका दांड्यावर पुष्कळ कळ्या असतात व त्या एकामागून एक उमलतात, म्हणून ताटवा काही आठवडे फुललेला दिसतो. नावात लिली असली तरी ही खरी लिली नव्हे. लिलीला कांदा असतो, हिला जाड, मांसल मुळांचा झुपका असतो.

विकायचे असते ते रोप. जून-जुलैत बहर आला की गिऱ्हाईक बागेत येते, फूल पाहून वाण निवडते. मालक गड्डा खणून त्याचे भाग करतो. जमिनीतून पंख्यासारखी पसरलेली पाने आणि त्यांच्याखालची मुळे मिळून एक नग होतो. त्याला तिकडे 'फॅन' म्हणतात. रोप टपालाने पाठवायचे असल्यास मुळांवरची माती धुतात, पाने वीतभर ठेवून छाटतात आणि सावलीत सुकवून खोक्यात भरतात. पाने का छाटायची? खणलेल्या मुळांना पाणी मिळत नाही, पण पानांतून बाष्पोच्छ्वास चालूच राहतो. पृष्ठभाग कमी केला की पाण्याचा खर्च कमी होतो आणि मुळांतल्या शिदोरीवर रोप प्रवास सोसते.

आता थोडे गणित करू. (पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याला हा मोह आवरत नाही.) समजा, एका फॅनचे वर्षात दोन होतात. मग पाच वर्षांनी 32 आणि दहा वर्षांनी 1,024! पण दरवर्षी निम्मे विकले, तर बाग आहे तेवढीच राहते. घाईने विकणाऱ्याची बाग वाढत नाही, हे पहिले. दुसरे अधिक गमतीचे आहे. आज विकलेल्या 8 फॅनचे गिऱ्हाइकांच्या बागांत तीन वर्षांत 64 होतात आणि त्यांतले काही तेही विकू लागतात. गिऱ्हाईकच प्रतिस्पर्धी! म्हणूनच पहिल्या वर्षी शंभर डॉलरला जाणारा नवा वाण काही वर्षांनी दहा-पंधरा डॉलरवर येतो.

विभाजनाने मिळणारे प्रत्येक रोप मूळ रोपाची हुबेहूब प्रत असते. हेमेरोकॅलिस फुल्वा या नारिंगी जातीचा 'युरोपा' हा वाण पाहा. साध्या डे-लिलीत 22 गुणसूत्रे असतात, याच्यात 33. तिपटीतल्या या गुणसूत्रांच्या नीट जोड्या लागत नाहीत, म्हणून हा वाण जवळजवळ वांझ आहे. आपल्या खायच्या केळ्यात बी नसते, त्याचे कारणही तेच. तरीही आशियातून युरोपात व तेथून अमेरिकेत जाऊन तो रस्त्याकडेच्या चरांत माजला, तो जमिनीखालच्या फुटव्यांच्या जोरावर.

नवा वाण हवा असेल, तर मात्र बीच लागते. सकाळी एका फुलाचे परागकण दुसऱ्याच्या कुक्षीवर लावायचे, चिठ्ठी बांधायची. सुमारे दोन महिन्यांत बोंड पिकते, पण पहिले फूल दिसायला बहुधा दोन-तीन वर्षे जातात. प्रत्येक रोप वेगळे निघते आणि बहुतेक टाकून द्यावी लागतात. इंग्लंडमधील यॉर्क येथील शाळामास्तर जॉर्ज येल्ड यांनी 1890 नंतरच्या वर्षांत असा संकर पुढे आणला. न्यू यॉर्कच्या वनस्पती उद्यानात ए. बी. स्टाउट यांनी या झाडांचा पद्धतशीर अभ्यास केला. 1975 सालचा, वॉल्टर जॅब्लोन्स्की यांचा 'स्टेला दे ओरो' हा बुटका पिवळा वाण पुन्हा पुन्हा फुलतो, म्हणून घरोघर पोहोचला.

पुढे कॉल्चिसिन वापरून 44 गुणसूत्रांची रोपे तयार झाली. पेशी विभागताना गुणसूत्रे दुप्पट होतात, पण या द्रव्यामुळे ती दोन बाजूंना ओढली जात नाहीत. हे जहाल विष आपल्याकडच्या कळलावीतही असते, तेव्हा प्रयोगाच्या फंदात पडू नका. 44 आणि 22 यांचा संकर सहसा साधत नाही, म्हणून परागकण उचलण्यापूर्वी बागवानाला हा आकडा ठाऊक असावा लागतो.

रोपाबरोबर रोगही प्रवास करतो. 2000 साली अमेरिकेत डे-लिलीवर तांबेरा प्रथम आढळला. पानांवर नारिंगी भुकटी दिसते ती या बुरशीच्या बीजाणूंची. रोपे विकण्यापूर्वी तिथल्या अनेक राज्यांत शेतकी खात्याकडून तपासणी करून घ्यावी लागते. माझ्या मते, घरगुती धंद्याला हा जाच मुळीच नाही.

तुमच्या अंगणात कर्दळ असेल, तर पावसाळ्याच्या आरंभी गड्ड्याचा एक कोंब असलेला तुकडा वेगळा लावा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कोंब मोजा आणि आलेख काढा. वर्षभर तो दुपटीच्या रेषेने जातो, की जागा अपुरी पडून मध्येच वाकतो, ते वर्गात ताडून पाहा.