गरोदरपणी छातीत जळजळ : कोणते औषध चालते, कोणते नाही



पाचवा-सहावा महिना लागला की पुष्कळ बायांच्या छातीत जळजळ सुरू होते. घशाशी आंबट येते, करपट ढेकरा येतात, रात्री आडवे झाले की त्रास वाढतो. मग औसा-निलंगा असो की कंधार-मुखेड, घरात कोणीतरी म्हणतेच, "पित्त झालंय, चिमूटभर सोडा पाण्यात टाकून पी." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण हा उपाय गर्भारपणी करू नये.

जळजळ होते कशाने? दिवस गेल्यावर शरीरात जे बदल होतात, त्यांत अन्ननळी आणि जठर यांच्यामधली झडप ढिली पडते. त्यात वाढणारी पिशवी जठराला खालून रेटते. जठरातले आम्ल वर चढते आणि आग होते. बाळंतपणानंतर हा त्रास बहुधा आपोआप थांबतो. "जळजळ झाली की बाळाला जावळ दाट," असे जुन्या बाया म्हणतात. गंमत अशी, की अमेरिकेत बाल्टिमोर येथे २००६ साली ६४ गर्भवतींची पाहणी झाली, तीत हे म्हणणे बरेचसे खरे निघाले! तरी जावळासाठी कोणी आग सोसत बसू नये.

आधी जेवण सुधारा. एकदम दोन भाकरी खाण्यापेक्षा अर्धी-अर्धी भाकरी चार-पाच वेळा खा. ठेचा, तळण आणि उपाशीपोटी चहा कमी करा. जेवल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नका. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवा, डाव्या कुशीवर झोपा. मिश्री लावत असाल तर ती बंदच करा. तिने जळजळ वाढते आणि बाळाचे वजनही घटते.

एवढ्याने भागले नाही तर आम्ल मारणारे औषध घेता येते. कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियम यांचे चघळायच्या गोळीचे वा पातळ औषध सांगितलेल्या मापात घेतले तर सहसा बाळाला धोका नसतो. ते जेवणानंतर व झोपताना घ्यावे. अॅल्युमिनियमने पोट बांधते, मॅग्नेशियमने ढिले होते, एवढे ध्यानात असू द्या. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खायचा सोडा आणि पाण्यात फसफसणारी पुडी यांत मिठातले सोडियम भरपूर असते. त्याने अंगावर सूज चढते, रक्तदाबाच्या बाईला तर ते फारच वाईट. घरधन्यांनी किराणा दुकानातून अशी पुडी आणू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी निदान १८० दिवस रक्तवाढीची लाल गोळी घ्यायची असते. जळजळीचे औषध तिच्यासोबत घेतले तर गोळीतले लोह अंगी लागत नाही. बाई म्हणते, "गोळ्या तर खाते, मग रक्त का वाढेना?" कारण हेच. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला साधा रक्तस्रावही जिवावर बेततो. म्हणून दोन्हींत दोन तासांचे अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळी सकाळ-संध्याकाळच्या जेवणासोबत घ्या आणि लाल गोळी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी साध्या पाण्यासोबत घ्या, चहासोबत नको. गोळीनेच मळमळते म्हणून ती परसात टाकू नका, आशाताईंना सांगा.

दुसऱ्याची पोटाची गोळी तर मुळीच घेऊ नका. मिसोप्रोस्टॉल हे मुळात जठराच्या व्रणाचे औषध. काही दुखण्याच्या गोळ्यांतही ते मिसळलेले असते, आणि त्याने गर्भ पडतो.

प्रत्येक जळजळ पित्ताची नसते. बरगडीखाली उजवीकडे जोराने दुखते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंडा-हातावर सूज दिसते, अशी लक्षणे पाच महिन्यांनंतर आली तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. काळ्या शौचाला किंवा रक्ताच्या उलटीलाही थांबू नका. १०२ किंवा १०८ ला फोन लावा आणि थेट दवाखाना गाठा. त्रास साधा असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते. दोघांनी मिळून जा, आणि घरात असलेली सगळी औषधे पिशवीत घालून सोबत न्या.