थेंब कधी घेतले?

सुरतेत लकवा झालेल्या, मणक्याला मार बसलेल्या माणसांचे व्यायाम घेणं हे माझं काम. लिंबायत, डिंडोली, उधना भागांतून येणारे बरेच जण खानदेशातले. अलीकडे काहींच्या पिशवीत गोळ्यांबरोबर विजया तेलाची, म्हणजे भांगेच्या अर्काची बाटलीही निघते. त्यांच्याबरोबर काम करताना पक्क्या झालेल्या या गोष्टी.

१. नशेचं नाव काढू नका. "नशा करता का?" याला उत्तर ठरलेलं, "नाही." मी विचारते, "दुखण्याला, झोपेला आणखी काय घेता? काढा, तेल, थेंब?" मग बायकोच सांगते, "ताई, थेंब घेतले की त्यासले रातले झोप लागस."

२. बाटली हातात घेऊन वाचा. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात चरस आणि गांजा, म्हणजे झाडाचे फुलोरे, येतात. नुसती पानं त्या व्याख्येबाहेर आहेत. म्हणून पानांपासून केलेलं परवान्याचं आयुर्वेदिक औषध वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतं. परवाना क्रमांक, बॅच, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायची सूचना, सगळं लेबलावर बघा. पुडीतल्या गांजाला 'औषधच आहे' म्हणून मान डोलावू नका.

३. उभं करण्याआधी वेळ विचारा. गिळलेल्या तेलाचा असर चढायला तास-दोन तास लागू शकतात. घरून ठीक निघालेला माणूस पॅरलल बारमध्ये उभा राहताच घामाघूम होतो, बोटांची पकड सुटते. मी आडवं असताना आणि उभं केल्यावर बीपी बघते. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर चालणं बंद. त्या दिवशी बसूनच हातांचे व्यायाम.

४. गोळ्यांची यादी डॉक्टरांपर्यंत पोचवा. ताठरपणासाठीच्या बॅक्लोफेनसोबत गुंगी वाढते. तेलातल्या सीबीडी या घटकामुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा परिणामही वाढू शकतो. डोस ठरवणं मात्र आपलं काम नव्हे.

५. आशा मापात द्या. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ताठरपणासाठी भांगेच्या अर्काचा तोंडात मारायचा फवारा अनेक देशांत मंजूर आहे. लकव्यासाठी तेवढा भक्कम पुरावा नाही. तेल चालू असलं तरी रोजचं स्ट्रेचिंग सुटता कामा नये.

६. कामावर परतण्याचं आधीच बोला. लूमच्या खात्यात किंवा हिऱ्याच्या घंटीवर बसणाऱ्याला गुंगी परवडत नाही. ड्रायव्हरने चिठ्ठी आणि बिल जपून ठेवावं. तेलात टीएचसी हा नशा आणणारा घटक असेल, तर कायदेशीर औषधानंही लघवीची तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. रोज घेणाऱ्याची तर काही आठवडेसुद्धा.

७. सवय लागली असेल तर वाट दाखवा. एनडीपीएस कायद्याच्या ६४अ कलमात, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन.

८. फाइलवर शिक्का मारू नका. औषधाचं नाव, थेंब, वेळ, बीपी, चालताना काय झालं, एवढं लिहा. 'व्यसनी' असं एकदा लिहिलं, की पुढचा माणूस ते आधी वाचतो आणि पेशंट त्याला थेंबांचं सांगतच नाही.