ग्रीन कार्डावर आलेल्या आई-बाबांचा विमा: हप्ता आटोक्यात कसा ठेवाल?

आई-बाबा ग्रीन कार्डावर कायमचे राहायला आले की पहिले पंधरा दिवस अवेळी येणारी झोप, थंडीचे कपडे आणि देवघर कुठे मांडायचं यातच जातात. विम्याची आठवण होते ती पुण्याहून आणलेल्या बीपीच्या गोळ्यांची शेवटची पट्टी निघते तेव्हा. तोवर मुदतीतले बरेच दिवस उलटलेले असतात. अमेरिकेत राहायला आल्यापासून ६० दिवसांत राज्याच्या मार्केटप्लेसवर विमा निवडला नाही, तर १ नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या खुल्या नोंदणीची वाट पाहावी लागते आणि तो विमा लागू होतो थेट जानेवारीत. म्हणून न्यू जर्सीत पालकांना आणणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, विमानाचं तिकीट काढाल त्याच दिवशी साठाव्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आमच्याकडे या बाजाराचं नाव ‘गेट कव्हर्ड न्यू जर्सी’, कॅलिफोर्नियात ‘कव्हर्ड कॅलिफोर्निया’. २०१० च्या कायद्यातून, म्हणजे ज्याला सगळे ‘ओबामाकेअर’ म्हणतात त्यातून, ही व्यवस्था आली. आपल्याकडच्या मेडिक्लेमची सवय असलेल्यांना इथे दोन मोठे दिलासे आहेत. जुना मधुमेह असो की बायपास झालेली असो, त्यासाठी थांबण्याचा काळ नाही. पहिल्या दिवसापासून उपचार धरले जातात. आणि वयाप्रमाणे हप्ता वाढतो, पण २१ वर्षांच्या माणसाच्या हप्त्याच्या तिपटीपलीकडे जात नाही. पासष्टी उलटलेल्या, पण मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यासाठी पात्र न झालेल्या पालकांनाही हा विमा मिळतो. टुरिस्ट व्हिसावर सहा महिन्यांसाठी येणाऱ्यांसाठी मात्र हा बाजार नाही. त्यांनी प्रवास विमाच घ्यावा.

आता खर्च. तुमच्या खिशातून किती जाणार हे प्लॅनपेक्षा जास्त ठरतं ते अर्जात लिहिलेल्या वर्षाच्या उत्पन्नावर. २०२६ च्या विम्यासाठी दोन माणसांच्या घराची दारिद्र्यरेषा २१,१५० डॉलर धरली आहे. उत्पन्न त्याच्या चौपटीपर्यंत, म्हणजे ८४,६०० डॉलरपर्यंत असेल तर केंद्राची सबसिडी मिळते. त्यावर एक डॉलर गेला तरी ती सबसिडी शून्य होते. २०२१ ते २०२५ या काळात ही वरची रेघ उठवलेली होती. ती सवलत २०२५ च्या अखेरीस संपली. उदाहरण घ्या. दोघांच्या सिल्व्हर, म्हणजे मधल्या पातळीच्या, प्लॅनचा पूर्ण हप्ता महिना २,००० डॉलर आहे असं समजू. उत्पन्न ८४,००० असेल तर त्यांच्या वाट्याला उत्पन्नाच्या ९.९६ टक्के, म्हणजे महिना साधारण ६९७ डॉलर येतात. उत्पन्न ८५,००० झालं की पूर्ण २,०००. हजार डॉलर जास्त मिळाले आणि वर्षाला पंधरा हजारांवर गमावले. न्यू जर्सीची स्वतःची मदत या रेघेच्या वरही, सहापटीपर्यंत मिळू शकते. पण केंद्राची सबसिडी मोठी, तिची जागा ती भरून काढत नाही.

पालकांच्या बाबतीत खालची रेघ अधिक महत्त्वाची. ग्रीन कार्डाला पाच वर्षं झालेली नसतील तर त्यांना सहसा मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, मिळत नाही, आणि २०२६ पासून २१,१५० च्या खाली उत्पन्न असलेल्या अशा जोडप्याला सबसिडीही नाही. याउलट २२,००० डॉलर उत्पन्न असेल तर हप्त्यातला त्यांचा वाटा २.१ टक्के, महिन्याला चाळीस डॉलरच्या आत. मुलाने कर भरताना पालकांना आपल्यावर अवलंबून दाखवलं तर मोजणी मुलाच्या उत्पन्नावर होते. मुलगा, सून, एक नातू आणि आई-बाबा, अशा पाच जणांची वरची रेघ १,५०,६०० डॉलर. आयटीतल्या दोन पगारांना ती ओलांडायला वेळ लागत नाही. स्वतंत्र विवरणपत्र भरायचं की मुलाच्या विवरणपत्रात राहायचं, हे ठरवण्याआधी दोन्ही हिशेब मांडाच.

पालकांचं उत्पन्न मोजताना भारतातलंही धरायचं असतं. मागच्या हिवाळ्यात ओळखीच्या एका काकूंबरोबर मी आमच्या डायनिंग टेबलावर बसले होते. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये त्यांनी एफडीच्या पावत्या, पासबुकं, भाडेकराराची झेरॉक्स, सगळं तारखेवार लावून आणलं होतं. “अगं, टीडीएस कापून हातात पडतं तेवढंच ना धरायचं?” त्यांनी विचारलं. नाही, कापण्याआधीचं व्याज धरायचं. शिवाय त्यांनी आणलेली बेरीज एप्रिल ते मार्चची होती. इथे लागते जानेवारी ते डिसेंबरची. प्रत्येक पावतीवरचं व्याज तिमाहीप्रमाणे पुन्हा मांडायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. एफडी मोडली तर मुद्दल हे उत्पन्न नव्हे. गावाकडचा फ्लॅट विकला तर नफा मात्र त्या वर्षाच्या मोजणीत येऊ शकतो, म्हणून विक्रीचं वर्ष आधी ठरवा. सरकारी पेन्शनला दोन देशांतल्या करारामुळे वेगळा नियम लागू शकतो. तिथे दोन्हीकडचे कर जाणणारा सीपीएच गाठा.

वर्षाच्या मध्ये आकडा बदलला तर लगेच मार्केटप्लेसला कळवा. जास्त घेतलेल्या सबसिडीच्या परतफेडीला पूर्वी कमी उत्पन्नवाल्यांसाठी कमाल मर्यादा असे. २०२६ पासून ती उठली, सगळी रक्कम परत करावी लागते. हा हिशेब करविवरणात ८९६२ क्रमांकाच्या फॉर्मवर होतो. त्यासाठी मार्केटप्लेसकडून येणारा १०९५-ए जपून ठेवा.

प्लॅन निवडताना बहुतेकांची नजर ब्रॉंझवर जाते, कारण हप्ता सर्वांत कमी. डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या पालकांसाठी मला ती निवड पटत नाही. दोघांचं उत्पन्न ५२,८७५ डॉलरपर्यंत असेल तर डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) आणि डॉक्टरांची फी कमी करणारी जादा सवलत मिळते, पण ती फक्त सिल्व्हर घेतलं तरच. घेण्याआधी बाबांच्या गोळ्यांची नावं औषधांच्या यादीत शोधा आणि जवळचं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आहे का ते पाहा.

एच-वन किंवा एच-फोरवर असलेल्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी: १ जानेवारी २०२७ पासून या व्हिसांवर सबसिडी बंद होते, ग्रीन कार्डवाल्यांची चालू राहते.

पासष्टीपुढच्या पालकांना इथे सलग पाच वर्षं झाली की मेडिकेअर खुलं होतं. पार्ट बी चा २०२६ चा नेहमीचा हप्ता महिना २०२.९० डॉलर, आणि अमेरिकेत नोकरीच केली नसेल तर पार्ट ए साठी ५६५, तेही दरडोई. पार्ट ए असा पैसे भरून घ्यावा लागत असेल तर मेडिकेअर न घेता मार्केटप्लेसवर सबसिडीसकट राहता येतं. मात्र नंतर मेडिकेअरकडे वळलात तर उशिराचा दंड लागू शकतो. तेव्हा पाच वर्षं पूर्ण होण्याच्या तीन महिने आधी दोन्ही हप्ते कागदावर शेजारी शेजारी मांडून बसा.