चाळिशीनंतर दात सरळ होतात का?

प्रश्न : मी ४२ वर्षांची शिक्षिका आहे. माझे खालचे पुढचे दात एकमेकांवर चढले आहेत. या वयात दात हलत नाहीत, असं सगळे म्हणतात. शिवाय तारा लावून वर्गात उभं राहायचा संकोच वाटतो. न दिसणारा उपाय आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वयाची आडकाठी नाही. दाताभोवतीचं हाड आयुष्यभर झिजतं आणि नव्याने भरतं. त्यामुळे हलका, सततचा दाब दिला की साठीतही दात सरकतात, थोडे सावकाश इतकंच. खरी अट हिरड्यांची. त्यांतून रक्त येत असेल किंवा मधुमेह आटोक्यात नसेल, तर आधी ते बघायचं.

दातांची गर्दी किरकोळ असेल तर पारदर्शक अलायनर (दातांवर बसणारे, काढता येणारे साचे) बहुधा पुरतात. ते दिवसाचे २० ते २२ तास घालावे लागतात, जेवताना काढायचे. चहाही काढूनच प्यायचा. स्टाफरूममध्ये दर तासाला चहा होत असेल तर जड जाईल! ही काढ-घाल जमणार नसेल तर दाताच्या रंगाच्या सिरॅमिक ब्रेसेस घ्या. आतल्या बाजूने बसवायच्या तारा जवळजवळ दिसतच नाहीत, पण त्या महाग, आणि सुरुवातीला जीभ सोलवटते, उच्चार बोबडे होतात. शिकवणाऱ्यांना मी त्या सहसा सुचवत नाही.

घरबसल्या माप देऊन कुरिअरने मागवायचे संच मात्र टाळा. एक्स-रे न काढता दात हलवणं धोक्याचं. ऑर्थोडॉन्टिस्टकडेच (दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाकडेच) जा आणि रिटेनरचा, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनाचा, खर्च आधीच विचारा. उपचारानंतर रिटेनर रात्री लावला नाही, तर दात पुन्हा मूळ जागी सरकू लागतात.