स्लर्म फुकट आहे, मग कोटेशनमध्ये काय असावं?

एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने मला मध्यंतरी एक कोटेशन पाहायला दिलं होतं. चार सर्व्हर, रॅक, स्विच, यूपीएस आणि सगळ्यात खाली एक ओळ : ‘क्लस्टर शेड्युलर, लायसन्ससह, 1 नग’. पुढे सहा आकडी रक्कम. चौकशी केल्यावर कळलं की हा शेड्युलर म्हणजे स्लर्म. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत 2002च्या सुमारास सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली खुलं आहे. त्याला लायसन्स फी नाहीच. बसवून देण्याच्या कामाचे पैसे जरूर घ्यावेत, पण मग त्या ओळीत ‘बसवणी आणि जुळणी, इतके दिवस’ असं लिहिलेलं हवं. विभागाने तशी दुरुस्ती मागितली आणि रक्कम बरीच खाली आली.

तुमच्या विभागात चार-सहा सर्व्हर येणार असतील, तर खर्चाचा हिशोब खरेदीपूर्वी मांडा.

आधी गरज तपासा. वापरणारे दोघंच असतील आणि यंत्र एकच असेल, तर रांग लावणाऱ्या सॉफ्टवेअरची घाई नको. तिसरा-चौथा विद्यार्थी आला, कोण कुठल्या यंत्रावर काय चालवतंय हे तोंडी ठरवावं लागू लागलं, रात्री कुणाचं तरी गणित बंद पडू लागलं, की वेळ आली असं समजा. स्लर्ममध्ये विद्यार्थी किती कोअर, किती मेमरी आणि किती तास हवेत ते लिहून काम टाकतो. जागा झाली की काम आपोआप सुरू होतं. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’ या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या यंत्रावरही स्लर्मच आहे. तुमच्या विद्यार्थ्याने इथे शिकलेली, काम टाकण्याची एसबॅच स्क्रिप्ट उद्या तिथे थोड्या फेरफाराने चालते. माझ्या मते छोट्या विभागाने स्लर्म निवडण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे.

पर्याय आहेत. ओपनपीबीएस आहे, विस्कॉन्सिन विद्यापीठाचा एचटीकॉन्डॉर आहे. जुन्या मंडळींना टॉर्क आठवत असेल, पण 2018मध्ये त्याचा मुक्त परवाना बंद झाला. तो कुणी सुचवला तर नको म्हणा.

खर्चातला मोठा वाटा माणसाच्या दिवसांचा. पूर्वी हे काम केलेल्या माणसाला चार नोड्ससाठी, म्हणजे क्लस्टरमधल्या चार सर्व्हरसाठी, दोन ते तीन दिवस पुरतात. तुमच्याच विभागातला लिनक्स जाणणारा संशोधक पहिल्यांदाच करणार असेल, तर दोन आठवडे धरा. बाहेरच्या माणसाचा दर दिवसाला 8,000 रुपये मानला, तर तीन दिवसांचे 24,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 28,320 रुपये. तुमच्या गावचा दर वेगळा असेल, पण गुणाकार हाच.

हे दिवस स्लर्म उतरवून घेण्यात जात नाहीत. उबुंटूवर ते पॅकेज म्हणून मिळतं, अर्ध्या तासाचं काम. वेळ जातो आजूबाजूच्या गोष्टींत. सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळलेली हवीत. प्रत्येक विद्यार्थ्याचा वापरकर्ता क्रमांक सगळीकडे तोच हवा. ओळख पटवणाऱ्या मंज या सेवेची किल्ली सर्व नोड्सवर हुबेहूब एकच हवी आणि ती मंजच्या खात्याशिवाय कुणाला वाचता येता कामा नये. होम फोल्डर सर्वत्र दिसायला हवं. फायरवॉलमध्ये 6817 आणि 6818 ही पोर्ट अंतर्गत जाळ्यापुरती मोकळी हवीत. कुणी किती वापरलं याच्या हिशोबाची नोंद ठेवायची असेल तर मारियाडीबी आणि 6819ही आलं. ती नोंद ठेवाच. पुढच्या अनुदानाच्या प्रस्तावात ‘गेल्या वर्षी इतके कोअर-तास वापरले’ हे वाक्य तिच्याच जोरावर लिहिता येतं.

आता जुळणीकडे वळू, कारण पैसे खरे इथे गळतात आणि बिलावर कधीच दिसत नाहीत. समजा 64 कोअरचा नोड घेतला आणि स्लर्मला कोअर व मेमरी दोन्ही मोजून वाटायला सांगितलं. पण ‘मेमरी मागितली नाही तर किती द्यायची’ ही एक ओळ लिहायची राहिली. मग विद्यार्थी एक कोअर मागतो, मेमरीबद्दल काहीच लिहीत नाही, आणि स्लर्म नोडची सगळी मेमरी त्याच्या नावावर टाकतो. उरलेले 63 कोअर रिकामे आणि बाहेर रांग. मी अशी एक प्रयोगशाळा पाहिली आहे जिथे ‘यंत्रं कमी पडतात’ म्हणून नव्या सर्व्हरचा प्रस्ताव तयार झाला होता. दर कोअरमागची डीफॉल्ट मेमरी ठरवणारी ओळ घातली आणि दुसऱ्या दिवशी रांग संपली. मला त्या प्रस्तावाचं फार वाईट वाटलं. तो मंजूर झाला असता, तर विभागाची वर्षभराची ग्रँट एका न लिहिलेल्या ओळीवर गेली असती.

उलट बाजूही आहे. 4 जीबी मागून 100 जीबी खाणारा प्रोग्रॅम आपोआप रोखला जात नाही. त्यासाठी सीग्रुप ही लिनक्समधली सोय चालू करून मेमरीची मर्यादा सक्तीची करावी लागते. नाहीतर एकाच्या चुकीने नोडवरच्या पाचजणांची कामं मरतात. बसवणाऱ्याला या दोन ओळींबद्दल नाव घेऊन विचारा. तो अडखळला, तर दुसरा माणूस शोधा.

वस्तूंमध्ये सूत्रधार यंत्रावर फार खर्च करू नका. चार नोड्सची रांग सांभाळायला साधा संगणक पुरतो. त्यात आरशासारख्या जोडलेल्या दोन एसएसडी मात्र असू द्या. प्रत्येक काम एकाच नोडमध्ये मावत असेल, तर गिगाबिटचा साधा स्विच चालतो. इन्फिनिबँडचं जाळं एकच काम अनेक नोड्सवर पसरून चालवणाऱ्यांसाठी असतं. तसं काम तुमच्याकडे खरोखर आहे का, हे विचारल्याशिवाय त्यावर सही करू नका.

विजेचं गणित मात्र कागदावर मांडा. भरात असलेला नोड 500 वॅट खातो असं धरू. चार नोड म्हणजे 2 किलोवॅट, सूत्रधार, स्विच आणि डिस्क मिळून 0.3, आणि ही उष्णता बाहेर काढणाऱ्या एसीचे 0.8. एकूण 3.1 किलोवॅट. चोवीस तास, वर्षभर चालवलं तर 27,156 युनिट. युनिटला 10 रुपये धरले तर सुमारे 2 लाख 72 हजार. हा आकडा प्राचार्यांना खरेदीच्या आधी दाखवा. नंतर कळला, तर उन्हाळ्यात एसी बंद करण्याचा आदेश येतो आणि यंत्रं तापून आपोआप बंद पडतात.

नोड रिकामा असताना बंद करण्याची सोय स्लर्ममध्येच आहे. ठरावीक वेळ काम नसेल तर स्लर्म तो नोड झोपवतो आणि काम आलं की उठवतो. रिकामा नोड 150 वॅट घेत असेल आणि दिवसाचे दहा तास काम नसेल, तर चार नोड्सचे वर्षाला 2,190 युनिट वाचतात, म्हणजे जवळजवळ 22 हजार रुपये. जुळणीचा बहुतेक खर्च एवढ्यात निघतो. ही सोय बसवणीच्या कामातच मागा. यूपीएसच्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांनी बदलाव्या लागतात, तीही रक्कम आजच लिहून ठेवा.

वार्षिक देखभाल करारात (एएमसी) काय येतं हे वाचा. तो बहुधा हार्डवेअरचा असतो. नवा विद्यार्थी जोडणं, अद्ययावत करणं, अडकलेला नोड सोडवणं हे त्यात नसतं. वर्षाला चार-पाच दिवस या कामासाठी वेगळे ठरवा, आणि जुळणीची फाइल, मंजची किल्ली व हिशोबाचा डेटाबेस यांची प्रत क्लस्टरबाहेर ठेवायला सांगा. अद्ययावत करताना डेटाबेसची सेवा आधी, मग सूत्रधार, शेवटी नोड, हा क्रम कागदावर लिहून रॅकला चिकटवलेला बरा. बसवणारा माणूस तीन वर्षांनी गावात असेलच असं नाही.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी त्याच्यासमोर तीन गोष्टी करून पाहा. चारही नोड्सवर एकेक छोटं काम टाका. 4 जीबी मागून 20 जीबी खाणारा प्रोग्रॅम चालवा. तो मेला पाहिजे आणि शेजारचं काम जिवंत राहिलं पाहिजे. मग एका नोडची वायर काढा, काही मिनिटांनी लावा. मूळ जुळणीत असा नोड ‘डाउन’ म्हणून पडून राहतो आणि कुणीतरी हाताने उठवावा लागतो. आपल्याकडे वीज शनिवारी रात्री जाते आणि तो कुणीतरी सोमवारी येतो. नोडने परत येऊन हजेरी लावताच त्याला कामाला घ्यायचं की नाही, हे ‘रिटर्न टू सर्व्हिस’ या ओळीतला आकडा ठरवतो. तो 2 करून घ्या, वायर पुन्हा काढून खात्री करा, आणि मग चेकवर सही करा.