दिवे घाटात दुखत नाही, मंडईत दुखतं

प्रश्न : माझं वय त्रेसष्ट. लिफ्ट बंद असली की दोन जिने चढताना गुडघे बोलायला लागतात, मंडईत जाऊन यायचं तरी आधी मनाची तयारी करावी लागते. पण गेली चार वर्षं मी माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालते, दिवे घाटासकट. तेव्हा काही होत नाही. आमचे हे म्हणतात, श्रद्धा. मुलगा म्हणतो, टाळ-मृदंग. खरं कोणाचं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, श्रद्धा मोजायचं माप माझ्याकडे नाही, त्यामुळे यजमानांची बाजू मी तशीच सोडतो. मुलाच्या बाजूने मात्र सांगण्यासारखं बरंच आहे.

आधी घरात एक गंमत करून बघा. टिकटिक वाजणारं घड्याळ समोर ठेवा आणि प्रत्येक ठोक्याला टेबलावर बोट आपटा. तुम्हाला वाटेल, बोट आणि ठोका अगदी एकदम पडतात. यंत्राने मोजलं तर दिसतं की बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधी पडतं, सेकंदाच्या काही शतांश भागाइतकं. आवाज ऐकून मग हात हलवला असता तर बोट उशिरा पडायला हवं होतं. म्हणजे पुढचा ठोका कधी येणार याचा हिशेब डोक्यात आधीच झालेला असतो. मैफलीत सम यायच्या आधीच माना तयार असतात, त्यातलाच हा प्रकार.

हा हिशेब आपण शाळेत शिकत नाही. २००९ साली बुडापेस्टमधल्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातला मुख्य ठोका गाळला. ठोका गळला की बाळांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी बदलत. जन्माला येऊन तीन दिवस झालेल्या जिवाला काहीतरी चुकल्याचं कळत होतं. (त्याच वर्षी स्नोबॉल नावाच्या अमेरिकेतल्या एका काकाकुव्याचंही नाव झालं. संशोधक अनिरुद्ध पटेल यांनी त्याच्या आवडत्या गाण्याची गती कमीजास्त केली, तर या महाशयांनी आपलं डोलणंही त्याप्रमाणे बदललं. कुत्री-मांजरी माणसांच्या घरात हजारो वर्षं गाणी ऐकत आहेत, पण त्यांना हे जमत नाही.)

आता पायांकडे येऊ. स्वस्थ बसून नुसता ठेका ऐकला तरी मेंदूतले हालचाल घडवणारे भाग जागे होतात. बेसल गँग्लिया हा त्यातला एक महत्त्वाचा भाग. पार्किन्सनच्या आजारात नेमका तोच बिघडतो. रोगी उंबऱ्यापाशी येतो आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखा उभा राहतो. अशा रोग्यांना ठेका ऐकवत चालवलं तर पाऊल लांब पडतं आणि चाल सुधारते, हे कोलोरॅडोत मायकेल थाउट यांच्या गटाने १९९०च्या दशकात दाखवलं, आणि आज ही रीतसर उपचारपद्धती आहे. आतलं घड्याळ नीट चालेना, की बाहेरचं घड्याळ कामाला येतं.

दिंडीत तुमचंही तेच होतं. मंडईत जाताना खड्डा, रिक्षा, पिशवी यांच्या मधून प्रत्येक पाऊल तुम्हाला एकटीला टाकायचं असतं. दिंडीत पाऊल केव्हा पडायचं ते टाळ ठरवतात. मी एकदा दोन दिंड्यांच्या मधल्या फटीत सापडलो होतो. पुढे एक मृदंग, मागे दुसरा, दोघांच्या लयी वेगळ्या. मोकळ्या सपाट रस्त्यावर मी ठेचकाळत होतो, पायांना कोणाचं ऐकावं ते कळेना. मागच्या दिंडीतल्या एका आजोबांनी खांद्याला धरून मला त्यांच्या रांगेत ओढलं, एक टाळ हातात दिला, आणि चार पावलांत चाल सरळ झाली. पितळेचा तो टाळ चांगला जड होता. दिवसभर वाजवून दंड भरून यायला हवा होता, पण तेही लक्षात आलं नाही.

लक्षात न येणं हा दुसरा भाग. थकव्याची वर्दी शरीर सतत पाठवत असतं. कान आणि तोंड अभंगात गुंतले की ती वर्दी मागे पडते. हे बेताच्या श्रमापर्यंतच चालतं. चढ अंगावर आला की शरीराचा आवाज वर चढतो. घाटातल्या शेवटच्या वळणांवर बघा, अभंग म्हणणारे एकेक करून गप्प होतात आणि नुसते टाळ वाजत राहतात.

आणि तिसरं, सोबत. ऑक्सफर्डमध्ये रॉबिन डन्बार यांच्या गटाने वल्हवणाऱ्या खेळाडूंना व्यायामशाळेतल्या यंत्रांवर वल्ही मारायला लावली, कधी एकेकट्याने, कधी एका लयीत सगळ्यांनी मिळून. नंतर रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला आवळून ‘आता पुरे’ कधी म्हणतात ते बघितलं. मेहनत सारखीच, पण एकत्र वल्हवल्यावर त्यांनी जास्त कळ सोसली. शरीरात तयार होणारी एंडॉर्फिन ही वेदनाशामकं यामागे असावीत, असा संशोधकांचा कयास आहे.

एक मात्र सांगून ठेवतो. टाळांनी दुखणं झाकलं जातं, झीज भरून येत नाही. सासवडला पोचल्यावर गुडघा सुजतो का, हे मुलाला बघायला सांगा, आणि वारीच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून वाचा गेली. ‘पाणी’ एवढा शब्दही येत नाही. पण संध्याकाळी आरती सुरू झाली की सगळ्यांबरोबर स्पष्ट म्हणतात. एक नातेवाईक म्हणाले, सोंग करतायत. मला रात्रभर झोप लागली नाही. (एक वाचक, मिरज)

उत्तर : सोंग नाही. त्या नातेवाइकांना हा अंक वाचायला द्या.

बोलण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे चालतं, आणि झटका तिथे आला की बोलणं जातं पण गाणं अनेकदा राहतं, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९७३ साली बोस्टनमधल्या तज्ज्ञांनी यावरून उपचारच बसवला : रोजचं छोटं वाक्य सुरात म्हणायचं आणि म्हणताना रोग्याच्या डाव्या हाताने अक्षरागणिक थाप द्यायची. श्रेय सुराला मिळालं. मेंदूची उजवी, गाणारी बाजू मदतीला येते असं मानलं गेलं. २०११ साली लाइपझिगच्या बेंजामिन श्टाल यांच्या गटाने सतरा रोग्यांवर तपासलं, तेव्हा सूर आहे की नाही याने फारसा फरक पडेना. फरक पडत होता तो ठेक्याने, आणि शब्द तोंडात बसलेले आहेत का याने. आरतीत दोन्ही आलं. टाळ्या आहेत, आणि शब्द साठ-सत्तर वर्षं घोटलेले आहेत.

शब्द आणि ठेक्याची ही गाठ आपल्याला नवी नाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण म्हणतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी खेडोपाडी बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या बायकांनी त्या कुठे लिहून ठेवल्या नव्हत्या. माझ्या मामीला खुर्चीत बसवून ‘ओवी म्हण’ म्हटलं की दोन ओळींत गाडी अडायची. अडगळीतलं जातं काढून खुंटा हातात दिला, तर आत दाणा नसतानाही ती अर्धा तास थांबली नाही. तिची ओवी दंडात होती म्हणा ना.

तेव्हा वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जा आणि ठेक्याने शिकवतात का ते विचारा. आरती येते म्हणून पाणी मागता येईल असं मात्र नाही, ते वेगळं शिकावं लागतं, आणि त्याला महिने लागतात. तोवर ‘बोला ना, बोला ना’ म्हणणाऱ्यांना खोलीबाहेर ठेवा.

प्रश्न : मला गाणं ऐकून काहीच वाटत नाही. बायको मैफलींना नेते, मी टाळ्या वाजवतो, मनात पार्किंगचा विचार. माझ्यात काही कमी आहे का? त्यात बायकोचं म्हणणं, ‘पण तुमचा पाय हलत असतो!’ (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कमी काही नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ साली तुमच्यासारखी निरोगी माणसं शोधून काढली. त्यांना सूर नीट ओळखू येत होते, पैसे जिंकायच्या खेळात नाडीही वाढत होती, गाण्याने मात्र काही होत नव्हतं. त्यांच्या मेंदूत कानाकडून आनंदाच्या केंद्राकडे जाणारी वाट अरुंद असते, असं पुढे दिसलं. अशी माणसं शंभरात पाचाच्या आतबाहेर असावीत.

कानाकडून पायाकडे जाणारी वाट वेगळी आहे आणि तुमची ती शाबूत दिसते. बायकोला एकदा खरं सांगून टाका. मध्यंतरापर्यंत बसा, मग बाहेर वडा खा. पाय हलत असेल तर हलू द्या.