खिडकी बदलण्यापूर्वी

खिडकीचे कोटेशन हाती आले की आपण फक्त आकडा पाहतो. फसगत होते ती शब्दांत. यवतमाळ जिल्ह्यातील जुन्या घरांची सागवानी चौकट शाबूत असेल तर पल्ले व बिजागऱ्या बदलूनही भागते. आधी सुताराला दाखवावी. नवी घेताना लक्षात ठेवावे: दोन पल्ल्यांची ‘स्लायडिंग’ अर्धीच उघडते, बिजागरीची ‘केसमेंट’ पूर्ण. आपल्या उन्हाळ्यात संध्याकाळच्या हवेसाठी हा फरक मोठा. ‘तीन ट्रॅक’मध्ये तिसरा पल्ला बहुधा जाळीचा असतो. ‘यूपीव्हीसी’ चौकटीत आतून लोखंडी आधार आहे काय, ते विचारावे. ‘टफन्ड’ काच नंतर कापता येत नाही. माप चुकले की काच वाया. दरात काच, जाळी, फिटिंग, प्लास्टर धरले आहे काय, हे लेखी घेऊनच बयाणा द्यावा.